वाफेवरचे हात

तिसऱ्या उशीचा अभ्रा अर्धा चढला आणि तिथेच अडला. थोरलीने उशीचं एक टोक हनुवटीखाली दाबलं, दोन्ही कोपरांनी उशी पोटाशी आवळली आणि अभ्र्याची कड ओढायला गेली. पण बोटं कड धरतील तर ना! सकाळचे पावणेसात वाजले होते. या वेळेला तिची बोटं तिची नसायचीच. जड, ताठ, फुगलेली, आणि बोटांच्या मुळाशी, जिथून मूठ वळते तिथे, आत कुणी स्क्रू पिळत असल्यासारखी कळ.

"ताई, राहू द्या की," दारातून धाकटी जाऊ म्हणाली. "मी घातले असते हो, पण डॉक्टरांनी वाकायची सक्त मनाई केलीय."

"अभ्रा वाकून नाही घालत. उभ्यानेच घालतात."

"ते झालंच. पण उशी उचलावी लागते ना."

"उशी?"

"वजन ते वजन, ताई."

असं म्हणून धाकटीने कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी सारखा केला. पट्टा चांगला वीतभर रुंद, करड्या रंगाचा, आत पोलादी पट्ट्या असलेला. तो ती कपड्यांवरून बांधायची. थोरलीचं म्हणणं असं, की आतून बांधला तरी पट्टा कंबर धरतोच. पण मग तो लोकांना दिसला नसता. हे म्हणणं तिने कुणाला बोलून दाखवलेलं नव्हतं. अभ्रा तसाच अर्धा सोडून ती चहाकडे वळली.

घर तिमजली होतं. खाली लाँड्री, तिच्यावर थोरलीचा संसार, त्याच्यावर धाकटीचा. लाँड्री दोघा भावांची. भाऊ धुलाई आणि इस्त्री बघायचे. थोरली आलेल्या प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी दोऱ्याने बांधायची, तुटलेली बटणं लावायची, इस्त्री झालेले शर्ट पुठ्ठ्यावर घड्या घालून ठेवायची. पंचवीस वर्षं ती हेच करत आली होती. काजातून दोरा ओवून दोन बोटांनी मारलेली तिची गाठ धुलाईच्या मशीनमध्येही सुटायची नाही, असा तिचा लौकिक होता. गिऱ्हाईक ऐन वेळेला शर्ट अंगात घालूनच आलं, तर ती बटण तसंच अंगावर लावून द्यायची आणि सुई कधी टोचायची नाही.

या घराचा एक कडक नियम होता. सासऱ्यांनी घालून दिलेला. या दारातून चुरगळलेलं काही बाहेर जाणार नाही. गिऱ्हाइकाचा कपडा नाही आणि घरातलं माणूसही नाही. पोरं शाळेत जायची ती कडक कॉलर करूनच. थोरलीचा नवरा कोपऱ्यावर दूध आणायला निघाला तरी विजारीला घडी असायची. "आपणच आपली पाटी," सासरे म्हणायचे. ते गेले, पण नियम राहिला.

दीड वर्षापूर्वी धाकटीची पाठ धरली. ओल्या चादरींची टोपली उचलताना एकदम कळ आली आणि ती तिथेच, मशीनला टेकून, रडायला लागली. त्याच संध्याकाळी डॉक्टर, तिसऱ्या दिवशी मोठ्या मशीनमधला फोटो, आणि चौथ्या दिवशी नाव! मणक्यातली गादी सरकली आहे. काय नाव होतं ते! सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे गादी सरकताना दिसायचीच. त्या नावापाठोपाठ पट्टा आला, चिठ्ठी आली ('वजन उचलू नये, वाकू नये, फार वेळ उभे राहू नये') आणि दुकानातल्या गल्ल्यापाशी पाठीला उशी लावलेली खुर्ची आली. फोटोची ती काळी फिल्म दिराने वरच्या खोलीत खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावली. आलेल्या माणसाला चहाच्या आधी ती बघावी लागायची.

"हे बघा, हे इथे. दिसतंय का?"

कुणाला काही दिसायचं नाही, पण सगळे म्हणायचे, "अरे बाप रे!"

थोरलीची बोटं दुखायला लागली ती त्यानंतर चार महिन्यांनी. आणि घोटाळा झाला तो तिथेच. आधी दुखली असती तर गोष्ट वेगळी होती.

पहिल्या डॉक्टरांनी वय विचारलं आणि मान हलवली, जणू ते वय असणं ही तिची चूक होती. दुसऱ्यांनी कॅल्शियम दिलं. तिसऱ्यांनी रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे काढले आणि सगळीकडे 'नॉर्मल' लिहून आलं. तिसऱ्यांनी शेवटी चष्मा काढून प्रेमाने सांगितलं, "बाई, मन कशात तरी रमवा." थोरलीला हसू आलं होतं. दिवसाला दीडशे कपड्यांना चिठ्ठ्या बांधणाऱ्या बाईने मन रमवायला वेळ काढायचा कुठून? चौदा महिन्यांत तिची फाईल धाकटीच्या फाईलपेक्षा जाड झाली, पण तिच्यात नाव नव्हतं. खिडकीला लावावं असं एक पान नव्हतं.

गेल्या महिन्यात नणंद आली होती. वर जाऊन फिल्म बघून आली, धाकटीच्या कमरेखाली स्वतः उशी सरकवली, मग खाली येऊन थोरलीच्या हातचा चहा प्यायली आणि हसत हसत म्हणाली, "काय गं वहिनी, तुझंही दुखतंय म्हणे? दोघी जावा एकदम दुखायला लागलात तर माझ्या भावांनी करायचं काय? पाळी तरी लावून घ्या."

"मला हौस नाही आली," थोरली म्हणाली.

"तसं नव्हे गं. पण होतं माणसाला असं. एकाचं बघून दुसऱ्याला होतं. मनाचे खेळ असतात."

नवरा तिथेच होता. त्याने चहाचा घोट घेतला आणि काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं थोरलीच्या जिव्हारी लागलं. कारण खरं सांगायचं तर तिलाही तीच भीती होती. धाकटीचा तिला हेवा वाटत होता, चांगला पोटात पेटलेला हेवा, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. पट्ट्याचा, खुर्चीचा, फिल्मचा, लोकांच्या 'अरे बाप रे'चा. कुणी धाकटीला "आज कंबर कशी आहे?" असं विचारलं की थोरलीच्या बोटांत कळ उठायची. आधी हेवा आणि मग कळ, की आधी कळ आणि मग हेवा, हे तिचं तिलाच लागेना. नणंद म्हणाली तेच खरं असेल तर? हे दुखणं म्हणजे आपल्याच मनातलं विष बोटांत उतरलेलं असेल तर?

रोज सकाळी आंघोळ करून ती देवापुढे दिवा लावायची. काडी पेटवायला चार-चार प्रयत्न लागायचे. हात जोडायची, पण तळवे जुळायचे नाहीत. बोटांची टोकं तेवढी टेकायची आणि मध्ये पोकळी राहायची. "एवढ्यावर भागवून घे," असं ती देवाला म्हणायची. पूर्वी ती मागायची, बरं कर. गेलं वर्षभर ती एवढंच मागत होती, नाव दे. मग जे असेल ते सोसते.

दिव्यापाशीच तिची वही असायची. लग्नाआधीपासूनची सवय. सकाळी दुकानात उतरण्याआधी चार ओळी आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर चार ओळी, देवाला उद्देशून. काय केलं, कुठे चुकलं, कुणावर जीभ सैल सुटली. देवापासून लपवून काय उपयोग, म्हणून ती त्या वहीत खरं लिहायची. वही दुसरं कुणी वाचत नसे.

यावेळी मिळालेल्या डॉक्टरीणबाई खास सांध्यांच्या होत्या. सात आठवड्यांनी नंबर लागला. नवरा म्हणाला, "ही शेवटची हं. यांनीही काही नाही म्हटलं तर मग आपण समजून घ्यायचं."

"काय समजून घ्यायचं?"

"समजून घ्यायचं म्हणजे... सोडून द्यायचं."

दवाखान्यातून फोन आला होता, की दहा दिवसांचं दुखणं लिहून आणा. केव्हा दुखतं, किती वेळ, काय करता येत नाही. ते तर सगळं वहीत होतंच. पण वही कशी दाखवणार? तिच्यात दुखणं कमी आणि धाकटीच जास्त होती. म्हणून आदल्या संध्याकाळी थोरलीने कोरा कागद घेऊन वहीतलं दुखणं तेवढं वेचून काढलं, धाकटीला गाळलं, आणि दहा दिवस दहा ओळींत सुंदर अक्षरात उतरवले. समास सोडला. तारखा तांबड्या शाईने. एखादी तारीख पडताळावी लागली तर, म्हणून वही मात्र पिशवीत टाकली.

भेट दुपारी चारची. नवऱ्याला एका हॉटेलच्या चादरींचं काम आलेलं, त्यामुळे सोबत कोण, हा प्रश्न होता. "मी जाते की," धाकटी म्हणाली. "नाहीतरी मी काय, बसलेलीच असते." थोरलीला वाटलं, म्हणजे तिथेही ही आणि हिचा पट्टा! पण नाही म्हणायला कारण नव्हतं.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. बाहेर भिंतीला टेकून बाकं, समोर पाण्याचं यंत्र, आणि बाकांवर पाचसात माणसं आपापले गुडघे धरून बसलेली. धाकटी आत आली मात्र, एक म्हातारे गृहस्थ पट्टा बघून उठले. "बसा, बसा, तुम्हाला त्रास असेल." धाकटी बसली. थोरली उभी राहिली, दुखऱ्या हातांत दोघींच्या पिशव्या घेऊन.

"काय झालंय हो तुम्हाला?" शेजारच्या बाईने धाकटीला विचारलं.

"गादी सरकलीय. पण आज माझं नाही, यांचं आहे."

"यांना काय झालंय?"

"ते अजून कळलेलं नाही," धाकटी म्हणाली. बाईने थोरलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चापूनचोपून केस, कडक कपडे, हात कसे अगदी छान. तिच्या नजरेत कीव नव्हती. थोरलीला तिथल्या तिथे त्या बाईच्या सुजलेल्या गुडघ्याचाही हेवा वाटला.

नंबर आल्यावर दोघी आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी हात बघितले. उलटे केले, सुलटे केले, मूठ वळायला सांगितली. वळली. उघडायला सांगितली. उघडली. फाईल चाळली आणि त्यांचा चेहरा तसाच झाला जसा आधीच्या तिघांचा झाला होता. थोरलीने घाईघाईने कागद पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी तो बराच वेळ पाहिला. "अक्षर सुरेख आहे हो तुमचं. हे कधी लिहिलंत?"

"काल संध्याकाळी."

"दहाही दिवसांचं? काल?"

"मूळ वहीत रोजचं होतं. त्यावरून स्वच्छ उतरवून काढलं."

"ती वही आहे का इथे?"

थोरलीचा हात पिशवीवर गेला आणि तिथेच थांबला. "आहे. पण ती... देवासाठी आहे."

"देवाचं मला काही वाचायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हातांचं तेवढं बघू द्या."

वही टेबलावर आली. डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं, आणखी एक उलटलं, परत मागे आल्या. "ही वही दोघीजणी लिहितात का?"

"नाही. मीच एकटी."

"मग हे वरचं कुणाचं अक्षर?"

"माझंच. वरचं सकाळचं. खालचं संध्याकाळचं."

प्रत्येक पानावर तसंच होतं. वरच्या चार ओळी पहिलीतल्या मुलाने गिरवाव्यात तशा, रेघेवरून घसरलेल्या, काना एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे. खालच्या चार ओळी मोत्यासारख्या. थोरलीला हे कधी दिसलंच नव्हतं. एरवी ती वही लिहायची, वाचायची नाही; आणि काल उतरवून काढताना सगळं लक्ष धाकटीला गाळण्यात होतं.

"मला सकाळचं लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाचून दाखवता?"

थोरलीने पर्समध्ये हात घातला. चष्मा दुकानात राहिला होता, चिठ्ठ्यांच्या डब्यावर. "आणा, मी वाचते," असं म्हणत धाकटीने वही घेतलीसुद्धा, आणि थोरली "अगं नको" म्हणेपर्यंत तिने सुरुवातही केली.

"मंगळवार. सकाळ. देवा, सव्वासहाला उठले. नळ फिरेना, मनगटाने फिरवला. दात घासायला ब्रश मुठीत धरावा लागला. ती साडेसातला उठली." धाकटी थबकली. मग पुढे वाचू लागली. "साडेआठपर्यंत मूठ नाही. बुधवार. सकाळ. डब्याचं झाकण निघेना. तिचा चहा वर नेऊन दिला, कप दोन्ही तळव्यांत धरून. ती म्हणाली, साखर कमी आहे. देवा, तिच्या कमरेला नाव आहे, माझ्या हातांना का नाही? पावणेनऊपर्यंत मूठ नाही."

थोरली टेबलाच्या कडेकडे बघत होती. धाकटीचा आवाज सपाट झाला होता, दुकानात पावत्यांचे नंबर वाचते तसा.

"गुरुवार. सकाळ. तिचा पट्टा धुऊन वाळत घातला होता. गच्चीवर कुणी नव्हतं. मी तो माझ्या मनगटाला बांधून पाहिला. क्षमा कर. नऊपर्यंत मूठ नाही."

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साडेआठ, पावणेनऊ, नऊ. म्हणजे उठल्यापासून रोज दोन-अडीच तास. आणि नऊनंतर काय होतं?"

"नऊला दुकान चालू होतं," थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

"वाफ चालू होते ना. इस्त्रीची. मी आधी हात शेकून घेते. पाव तासाने बोटं सुटी होतात, मग चिठ्ठ्या बांधायला बसते. मधूनमधून पुन्हा शेकते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आज इथे यायच्या आधी शेकलेत?"

"शेकले की. चांगला अर्धा तास."

"दुखण्याची गोळी?"

"ती जेवल्यावर घेतली. इथे जिने चढायचे होते, कठडा धरायचा होता."

"आधीच्या तिन्ही डॉक्टरांकडे जातानाही असंच?"

"असंच म्हणजे काय, डॉक्टरांकडे कसे तरी हात घेऊन जायचे का?" थोरली जराशी दुखावून म्हणाली. "आमच्या घरातून चुरगळलेलं काही बाहेर जात नाही."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, मग हसू आवरत म्हणाल्या, "अहो बाई, चौदा महिने तुम्ही डॉक्टरांना इस्त्री करून हात दाखवताय. त्यांना सुरकुती दिसणार कुठून? उद्या सकाळी आठला या. गोळी नाही, वाफ नाही, गरम पाणी नाही. उठाल तशा या."

दोघी जिना उतरल्या. धाकटी प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबत होती. सोंग तरी किती, हे थोरलीच्या मनात सवयीने आलं, आणि मग तिला धाकटीच्या ओठावर घाम दिसला. तो नव्हता असं तिला म्हणता येईना. दोघी रस्त्याला लागल्या. चपलांच्या दुकानापाशी धाकटी म्हणाली, "मग? बसला का पट्टा मनगटाला?"

थोरलीच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. "नाही. तीन वेढे घेतले तरी सैलच."

"मला वाटायचं तुमचा माझ्यावर राग आहे. मी कामं टाकली म्हणून."

"तोही आहे."

"पण हे काय, ताई! गादी सरकल्याचा कुणी हेवा करतं?"

"गादीचा नाही," थोरली म्हणाली.

धाकटी थोडी चालली, पुन्हा थांबली. "एक सांगू? तुमच्या वहीत मी रोज आहे. तुमच्या दिराला वर्षभरात माझ्याबद्दल एवढी वाक्यं बोलायला जमली नाहीत." आणि मग, चेहरा अगदी साधा ठेवून, "आणि साखर खरंच कमी होती."

त्या रात्री थोरलीने गोळी घेतली नाही. रात्र कशी गेली ते तिने वहीतही लिहिलं नाही. सकाळी उठली तेव्हा तिला भीती दुखण्याची नव्हती, उलटीच होती. नेमकी आजच बोटं सुटी झाली तर? असं होतं ना, घड्याळजीकडे नेलं की घड्याळ आपोआप नीट चालतं. दिवा लावायला गेली आणि काडी पेटेना, तेव्हा तिने सुटकेचा श्वास टाकला. हात जोडले, पोकळी ठेवून, आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे दुखणं मागितलं. आठ वाजेपर्यंत टिकव, मग तुझी मर्जी.

कपड्यांचे हूक लागेनात. केस बांधता येईनात. शेवटी धाकटी वरून आली, पट्टा आवळत, आणि तिचे हूक लावू लागली. तिची बोटं भराभर चालत होती. लांबट, सुटी, कसलाही त्रास नसलेली बोटं! थोरलीने त्यांच्याकडे बघितलं आणि तिच्या मनात पुन्हा तेच जळलं. कालचं सगळं होऊनही. देवासमोरच.

खाली उतरल्या तर दुकान उघडं. हॉटेलच्या चादरी लवकर द्यायच्या म्हणून भावांनी सातलाच यंत्र चालू केलं होतं. टेबलावरून वाफेचे पांढरे लोट उठत होते, ओल्या सुताचा तो ओळखीचा वास. थोरलीचे हात आपोआप पुढे झाले. नवऱ्याने मान वर केली आणि तो बघतच राहिला.

"अशी जाणार? केस बघ. आणि तो कपडा तरी... दे, दोन मिनिटांत फिरवून देतो."

"नको."

"अगं, चेहरा कसा झालाय तुझा. ये इकडे, हात तरी शेक जरा." त्याने वाफेचं हँडल तिच्या बाजूला वळवलं. वर्षभरात तो इतक्या मऊ आवाजात बोलला नव्हता. तिला रडू आलं. दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं, आणि बोटांतला स्क्रू ढिला झाला असता.

"अहो, बंद करा ते," ती म्हणाली. "आज मला चुरगळलेलीच जाऊ दे."

आणि ती जवळजवळ पळतच बाहेर पडली. मागून धाकटी, पट्टा सावरत, "ताई, हळू, माझी गादी!"

आठ वाजता बाकांवर कुणी नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिचे हात टेबलावर पालथे ठेवायला सांगितले. मूठ वळा. बोटं निम्मी वळली आणि थांबली. मग त्यांनी हस्तांदोलन करावं तसा तिचा हात धरला, म्हणाल्या, "दाबते हं," आणि बोटांच्या मुळाशी आडवं हलकंच दाबलं. थोरली ओरडली. एवढ्या मोठ्याने, की बाहेरच्या नर्सने दार ढकलून आत पाहिलं.

"तुमचा हात द्या इथे," डॉक्टरीणबाई धाकटीला म्हणाल्या. धाकटीने गोंधळून आपला हात थोरलीच्या हाताशेजारी पालथा ठेवला. दोन जावांचे दोन हात, एकाच टेबलावर. धाकटीच्या बोटांच्या मुळाशी चार उंचवटे होते आणि त्यांच्या मधे खळगे. थोरलीच्या हातावर खळगे नव्हतेच. सगळं भरून सपाट झालं होतं, पाव फुगावा तसं.

"दिसलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही सूज आहे."

"अरे बाप रे!" धाकटी म्हणाली.

थोरलीने ते ऐकलं. दीड वर्ष ती हे तीन शब्द दुसरीच्या वाट्याला जाताना ऐकत आली होती. तिला आपल्या त्या फुगलेल्या, कुरूप हातांचा अभिमान वाटला, आणि असा अभिमान वाटल्याची लाजही.

"नाव काय याचं?" तिने विचारलं.

"नाव आज नाही सांगणार. संशय आहे मला. एक चाचणी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असं नसतं. दुसऱ्या चाचण्या असतात. हातांची सोनोग्राफीही करू. चुकीचं नाव देण्यापेक्षा आठ दिवस थांबलेलं बरं."

पुन्हा थांबणं. थोरलीने मान हलवली. मग धाकटी ऐकते आहे याची पर्वा न करता विचारलं, "पण हे खरं आहे ना? माझ्या मनातलं नाही ना? तुम्ही वही ऐकलीत. माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिता लिहिता मान वर केली. "मनातलं वहीत आहे, ते तुमचं तुम्ही आणि तुमचा देव बघा. ही सूज बोटांत आहे. हेवा केल्याने सांधे सुजले असते तर मला घरी जायला फुरसत मिळाली नसती."

धाकटी फस्सकन हसली आणि लगेच कमरेला हात लावून "आई गं" म्हणाली. डॉक्टरीणबाई चटकन उठल्या. "अहो, तुम्ही उभ्या का? बसा बसा, ही माझी खुर्ची घ्या. कधीपासून आहे हे?" आणि धाकटी बसली, डॉक्टरांच्या गादीच्या खुर्चीवर, आणि पहिल्यापासून सांगू लागली. ओल्या चादरींची टोपली, एकदम आलेली कळ, चौथ्या दिवशी कळलेलं नाव.

थोरलीच्या पोटात तीच जुनी ठिणगी पडली. आज माझा दिवस होता! पण बोटांकडे तिने मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं. कळ तेवढीच होती. ठिणगीने ती वाढली नाही, कमीही झाली नाही. दोन्ही आपापल्या जागी होतं. हे तिला नवीन होतं. पोटातल्याचं काय करायचं ते संध्याकाळी वहीपाशी बघू, असं तिने ठरवलं, आणि हात पुढे करून चाचण्यांचा कागद दोन तळव्यांत धरला.

"चल गं," ती धाकटीला म्हणाली. "तुझी गादी परत केव्हातरी सांग."

"तुम्ही व्हा पुढे, मी येतेच जिना उतरून."

रक्ताचे नमुने साडेनऊपर्यंतच घेत होते. लॅब रस्त्याच्या पलीकडे होती, औषधांच्या दुकानावर. थोरली रक्त द्यायला निघाली.